उत्तर कोण देतो आहे?

गिरगावातील चाळींतून आणि वाड्यांतून नुकतीच पदवी पदरात पडलेली किंवा पडू घातलेली जी मुले अलीकडे माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: संगणकांचे जाळे आणि त्याची सुरक्षा या विषयाचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा करावा काय, आणि करावयाचा तर कोठे? हा अभ्यासक्रम मी स्वतः केलेला आहे, त्याच विद्येवर आजवर उदरनिर्वाह चालविला आहे, आणि खोताच्या वाडीत राहून या विषयाची बरीवाईट अशी दोन्ही रूपे जवळून पाहिली आहेत. तेव्हा प्रत्येकास जे तोंडी सांगतो, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

विद्या मोलाची आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती ही विद्या ज्या क्रमाने विकली जाते त्या क्रमाविषयी. जाहिरातीत 'हॅकिंग' आधी येते, सुरक्षेची निरनिराळी साधने त्यानंतर येतात, आणि एका यंत्राने विचारलेला प्रश्न दुसऱ्या यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो व त्याचे उत्तर नेमके कोण देतो, हा जो साऱ्या शास्त्राचा पाया, तो 'प्राथमिक माहिती' या सदराखाली दोनचार तासांत उरकला जातो. माझ्या मते सुरक्षेचे संपूर्ण शास्त्र या एकाच प्रश्नात सामावलेले आहे, आणि ज्याला तो विचारता येत नाही त्याच्या हाती कितीही साधने दिली तरी ती व्यर्थ होत.

मी ज्या खाजगी संस्थेत नाव घातले, तिच्या कार्यालयात प्रवेशाच्या दिवशी शुल्काच्या हप्त्यांचा म्हणून जो कागद वडिलांसमोर ठेवण्यात आला, तो वस्तुतः एका तिसऱ्याच वित्तकंपनीशी होणारा कर्जाचा करारनामा होता. परिणाम असा झाला की संस्थेस संपूर्ण शुल्क आरंभीच पोचले आणि वडिलांच्या नावे मुदतबंद देणे उभे राहिले. पुढे शिकविणारे गृहस्थ सोडून गेले, वर्ग दुसऱ्या शाखेत हलविण्यात आला, काचेच्या कपाटातील राउटर एकदाही बाहेर निघाला नाही, आणि प्रात्यक्षिक म्हणून पडद्यावरील सिम्युलेटरवर समाधान मानावे लागले. हप्त्यांचा तगादा मात्र कधी चुकला नाही, कारण कर्ज देणाऱ्याचा शिकवणीशी कसलाच संबंध नव्हता. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, सही करण्यापूर्वी कागदाच्या शीर्षभागी कोणाचे नाव आहे ते वाचावे, मध्येच सोडल्यास देणे कसे मिटेल ही अट लेखी मागावी, 'शंभर टक्के नोकरी' हे शब्द करारनाम्यात आहेत की केवळ भिंतीवरील फलकावर, याची खातरजमा करावी, आणि मुख्य म्हणजे प्रयोगशाळेत तासभर बसू देण्याची विनंती करावी. जी संस्था ही विनंती मान्य करीत नाही, तिच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत.

प्रमाणपत्र देणारा कोण, हेही विचारावे. सी-डॅक ही १९८८ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आय.टी. इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटी या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालविते. विद्यार्थी त्याला 'डिटिस' म्हणतात, आणि 'सी-कॅट' नावाची प्रवेशपरीक्षा दिल्यावाचून तेथे प्रवेश मिळत नाही. सुमारे सहा महिन्यांचा तो अभ्यासक्रम पूर्ण वेळ मागतो, व नोकरी सांभाळून तो करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. ज्यांची पात्रता तेथे पुरत नाही त्यांनी खाजगी वर्गांकडे वळण्यास हरकत नाही, परंतु ज्या वर्गात परीक्षेचे फुटलेले प्रश्न, ज्यांना बाजारात 'डम्प' म्हणतात, ते पाठ करवून घेतात, तेथून मिळालेले प्रमाणपत्र मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत निकालात निघते. अशा उमेदवारांच्या मुलाखती मी घेतल्या आहेत. सारी उत्तरे मुखोद्गत असणारा मुलगा 'का?' एवढे विचारताच गप्प होतो, तेव्हा त्याच्या मायबापांनी भरलेल्या पैशांचा विचार मनात येऊन फार वाईट वाटते.

आता वाडीतील एक प्रसंग सांगतो, कारण मला जे शिकावयाचे होते ते वर्गापेक्षा त्या प्रसंगाने अधिक शिकविले. आमच्या वाडीतील गल्ल्या अरुंद, घरे बैठी किंवा एकमजली, जिने बाहेरून चढणारे. तेव्हा इंटरनेटची तार एका घराच्या पडवीवरून दुसऱ्याच्या सज्जाकडे अशीच ओढलेली असे, आणि केबलवाल्याच्या सामान्य स्विचची एक पेटी जिन्याखालच्या भिंतीवर टांगलेली असे. एके रात्री निम्म्या वाडीचे इंटरनेट बंद पडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आंटी दारात येऊन म्हणाल्या, "अरे बाबा, तू तेच शिकतोस ना? बघ की जरा." केबलवाल्याचा पोरगा तार ओढून, पेटी बंदचालू करून थकला होता, सगळे दिवे हिरवे, आणि तरीही काही चालत नव्हते.

मी माझ्या घरची तार राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला जोडली आणि वायरशार्क हा पॅकेट वाचणारा प्रोग्रॅम चालू केला. संगणक जाळ्यात नव्याने आला की तो सर्वांना उद्देशून हाक देतो की मला पत्ता द्या. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. त्या हाकेस एकाच्या ऐवजी दोन उत्तरे आलेली मी डोळ्यांनी पाहिली. एक उत्तर केबलवाल्याच्या सर्व्हरचे होते, त्यातील पत्ता दहा या आकड्याने आरंभ होणारा. दुसरे त्याच्याही आधी पोचलेले, १९२.१६८.०.१ या पत्त्यावरून आलेले, आणि संगणकाने प्रथम आले तेच स्वीकारले होते. गल्लीच्या तोंडाशी परक्या माणसाने घर विचारावे आणि जो प्रथम बोलेल त्याच्या मागे निमूटपणे चालू लागावे, तसाच हा प्रकार. कारण १९९७ साली प्रमाण ठरलेल्या डीएचसीपीच्या नियमावलीच्या नित्याच्या वापरात उत्तर देणाऱ्याची ओळख पटविण्याची तजवीजच नाही.

प्रत्येक यंत्राच्या अंगभूत पत्त्याचे पहिले सहा अंक त्याच्या निर्मात्याची ओळख देतात. ते पाहून, हा कोण्या घरचा साधा वायफाय राउटर आहे, एवढे समजले. पोराला म्हटले, "पेटीतली एकेक तार काढत जा, दुसरे उत्तर थांबले की सांगतो." थोड्याच वेळात ते थांबले. ज्या घराची ती तार होती तेथील काकांनी आदल्या संध्याकाळी नवा राउटर आणून बाहेरून येणारी तार चुकीच्या छिद्रात, म्हणजे घरातील यंत्रांसाठी राखलेल्या जागी, जोडली होती. त्यामुळे तो राउटर स्वतःच्या घराबरोबर साऱ्या शेजाऱ्यांनाही पत्ते वाटू लागला होता. राउटर उलटा करून तळाच्या चिठ्ठीवरील अंक पडद्यावरील अंकांशी ताडून पाहिले, ते तंतोतंत जुळले, आणि तार योग्य जागी बसविताच वाडी पूर्ववत झाली.

काकांच्या मनात काहीएक वाईट नव्हते. पण हेच कृत्य कोणी हेतुपुरस्सर केले असते, आणि पत्त्यासोबत स्वतःचेच यंत्र बाहेरची वाट म्हणून दाखविले असते, तर वाडीचा सारा व्यवहार त्याच्या हातून गेला असता व दिवेही हिरवेच राहिले असते. पुस्तकात यास 'रोग (rogue, म्हणजे उपद्रवी) डीएचसीपी' म्हणतात, आणि त्यावरचा उपाय, म्हणजे स्विचच्या कोणत्या छिद्रातून आलेले उत्तर ग्राह्य धरावे हे आधीच ठरवून देणे, चांगल्या स्विचवर काही ओळींत लिहिता येतो. यंत्राचा अंगभूत पत्ता शोधणाऱ्या एआरपीचे फसवे उत्तर, नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचे फसवे उत्तर, हे सारे त्याच जातीचे प्रकार असून, एक नीट समजला की बाकीचे समजण्यास फार वेळ लागत नाही.

मोठ्या व्यवहारातही हेच घडते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला, त्यात एटीएममध्ये कार्ड घातल्यावर 'रक्कम द्यावी काय?' हा जो प्रश्न बँकेच्या मूळ प्रणालीकडे जावयाचा, तो तेथवर जाऊच दिला गेला नाही. मध्ये उभ्या केलेल्या खोट्या स्विचने, म्हणजे एटीएमचे प्रश्न बँकेकडे पोचविणाऱ्या प्रणालीच्या तोतयाने, परस्पर होकार भरला, आणि बनावट कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशांच्या स्विफ्ट व्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले व देशातील एटीएममधून काढलेली रक्कम धरून एकूण नुकसान ९४ कोटींवर पोचले. ही हकिकत मी प्रत्येक विद्यार्थ्यास कागदावर चित्र काढून समजावतो. प्रश्न कोठून निघाला, कोठे जावयास हवा होता, उत्तर कोणी दिले, हे बाण ज्याला काढता येतात तो या विद्येस लायक झाला असे मी समजतो.

हा पाया घालण्यास खर्च फार लागत नाही. वाडीतून चालत गेले की लॅमिंग्टन रस्ता. तेथे वापरलेला मॅनेज्ड स्विच, क्रिम्पिंगचा चिमटा, आरजे-४५ जोडण्यांची पिशवी आणि तारेचे भेंडोळे अभ्यासक्रमाच्या शुल्काच्या अल्पांशात मिळते. तार स्वतः बांधावी. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम सिम्युलेटर विचारीत नाही, आणि त्यातील हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंस का विभागली आहे हे तो सांगत नाही. नवशिका चारही जोड्या शेजारी शेजारी लावतो, दोन्ही टोकांस तोच क्रम असल्याने परीक्षकयंत्राचे आठही दिवे लागतात, आणि तरीही वेग वाढविताच ती तार कच खाते, कारण एकमेकींस पीळ दिलेल्या तारांची जोडी मध्येच फुटलेली असते. दिवा केवळ 'वीज पोचली काय?' याचेच उत्तर देत असतो.

त्यानंतर पत्त्यांचे विभाजन हाताने, कागदावर करावे. '/२७' म्हटले की ३२ पत्ते आणि त्यांपैकी ३० वापरावयाचे, हे विचार न करता सुचले पाहिजे. लिनक्स रोजच्या वापरात आणावे. प्रणालीतील दोषांवरची ठिगळे, म्हणजे पॅच, वेळेवर लावण्याचे कंटाळवाणे काम हलके मानू नये: १२ मे २०१७ रोजी ज्या 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर हाहाकार उडविला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच प्रसिद्ध केली होती.

परवानगीचा विषय मी सर्वांत गंभीर मानतो. गजबजलेल्या वस्तीत राहणाऱ्या मुलाच्या फोनला शेजाऱ्यांची पाचदहा जाळी सहज दिसतात, आणि शिकलेली विद्या त्यांवर अजमावून पाहण्याचा मोह होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या किंवा ताबेदाराच्या अनुमतीवाचून त्याच्या संगणकात वा जाळ्यात प्रवेश करणे हेच नुकसानभरपाईस पात्र आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्या दिवशी वाडीत मी माझ्याच तारेवर, माझ्याच संगणकास आलेली उत्तरे वाचली आणि पेटीस हात केबलवाल्याच्या माणसाने लावला, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. कोणी काम सांगितलेच तर परवानगी लेखी घ्यावी, आणि तीत मालकाचे नाव, कोणते पत्ते तपासावयाचे, कोणत्या तारखेस व कोणत्या वेळात, आणि काही बिघडल्यास कोणास कळवावयाचे, एवढा तपशील असावा.

शेवटी घड्याळाविषयी. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावी लागतात. यातील तिसरी अट विद्यार्थी वाचून सोडून देतात; परंतु दोन यंत्रांच्या घड्याळांत चार मिनिटांचे अंतर असले की कोणते उत्तर आधी आले व कोणते नंतर, हे नोंदींवरून ठरविणे फार बिकट होऊन बसते. घरी दोन जुने संगणक जोडून अभ्यासास बसणाऱ्यानेही सर्वांआधी त्यांची घड्याळे जुळवावी, आणि मग पहिले पॅकेट पकडावे.