‘ड्रॅब’ : एका विशेषणाची वाटचाल

इंग्रजी भाषेत ‘ड्रॅब’ हे एक विशेषण आहे. त्याचा ढोबळ अर्थ निस्तेज, कळाहीन असा होतो. आज ते निंदाव्यंजक वाटते. परंतु आरंभी त्यात निंदेचा लवलेशही नव्हता.

कापड या अर्थाच्या एका फ्रेंच शब्दापासून ते आले, असे भाषाभ्यासक मानतात. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘ड्रॅब’ हे विशेषण नसून एका कापडाचे नाव होते. मेंढीची लोकर कातरावी, कातावी, विणावी आणि रंगाऱ्याचा हात तिला लागूच नये, असे ते कापड. धनगरांची घोंगडी डोळ्यांसमोर आणली, म्हणजे हे ध्यानात येईल. तीही लोकरीच्या मूळ रंगाची असते. मात्र तिला कोणी कळाहीन म्हणत नाही! पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस कापडाचे हे नाव त्याच्या मळकट पिंगट रंगाला मिळाले आणि एकोणिसाव्या शतकात तो रंग माणसाच्या आयुष्यालाही लागला.

धुरकट भिंती, एकसारख्या करड्या इमारती, रोज तेच ते काम असलेले जीवन यांना इंग्रज माणूस ‘ड्रॅब’ म्हणतो. बोथट सुरीला किंवा मंद बुद्धीला तो असे म्हणणार नाही. तेथे ‘डल’ हा निराळा शब्द आहे. मराठीतही एकच प्रतिशब्द सर्वत्र चालत नाही. भिंत कळाहीन असते, जीवन रुक्ष असते. ‘उदास’ हा शब्द जपूनच योजावा, कारण त्यात दुःखाची छटा आहे. ‘ड्रॅब’मध्ये दुःख नाही, केवळ उल्हासाचा अभाव आहे.

पक्ष्यांच्या वर्णनांत हा शब्द वारंवार भेटतो. मोर नटलेला, तर त्याच्या मानाने लांडोर ‘ड्रॅब’. पण लांडोर जमिनीवर, झुडपांच्या आडोशाला अंडी घालते. ती उबवीत असता मातकट पिसांमुळे ती शत्रूच्या नजरेस सहसा पडत नाही. सैनिकांनीही हाच उपाय उचलला. पेशावर येथे १८४६ साली उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचा गणवेश स्वीकारला. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून ‘खाकी’. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–१९४५) अमेरिकन सैनिकांच्या गणवेशाच्या हिरवट पिंगट रंगाचे तर नावच ‘ऑलिव्ह ड्रॅब’ होते. तेथे या शब्दाचे भाषांतर ‘नीरस’ असे करणारा विद्यार्थी फसेल.