पिशवी काढायच्या कागदावर सही करण्याआधी

अगं, रिपोर्ट आल्यापासून तू कुणाशी धड बोलत नाहीस, असं काकू म्हणाल्या. माझ्याशी बोल. वय ३१, मूल झालेलं नाही आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर; पायाखालची जमीन सरकणारच. पिशवी काढायला सांगणारे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत, खात्रीचा उपाय तोच. तरी सहीआधी एवढं विचार: तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची ‘एमएमआर’ तपासणी झाली का?

आजी पिशवीच्याच कॅन्सरने गेली, आत्याला पंचेचाळिशीत आतड्याचा झाला. अशा घरात लिंच सिंड्रोमची शंका घ्यायलाच हवी. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं जनुक यात जन्मापासून बिघडलेलं असतं; ‘एमएमआर’ म्हणजे हीच दुरुस्ती. ते बाबांकडूनही येतं बरं का. प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

पण या साचलेल्या चुकांमुळेच अशी गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी म्हणून ओळखू येते. इम्युनोथेरपी त्या शक्तीवरचा ब्रेक काढते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये दुरुस्तीचा हाच दोष असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना नुसतं डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ शस्त्रक्रियेविना नाहीशी झाली. हे २०२२ मध्ये छापून आलं. पिशवी वाचवण्यासाठी मात्र हे औषध अजून मोजक्याच तरुण बायकांना दिलंय. एरवी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन वापरतात, पण लिंचच्या गाठीवर त्याचा भरवसा कमी वाटतो.

खोटी आशा दाखवणार नाही. एमआरआयमध्ये आजार अस्तरापुरताच दिसला, तरच पिशवी वाचवण्याचा विचार. दर काही महिन्यांनी पुन्हा तुकडा काढून बघायचा. औषध चालू असताना आणि नंतरही काही महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. थायरॉइड बिघडू शकतं, खर्च लाखांत जातो. आणि मूल झाल्यावर पिशवी काढलेलीच बरी, कारण जनुकातला दोष तसाच राहतो.

लॅबमधून नुसता कागद आणू नकोस, ‘ब्लॉक’ माग. मेणात बसवलेला तो एवढासा तुकडा तुझा आहे, गाठीच्या पुढच्या बऱ्याच तपासण्या त्याच्यावरच होतात. तो घेऊन खारघरला, टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जाऊ. तिथे आनुवंशिक कॅन्सरचा वेगळा विभाग आहे. रोह्याहून गाडीने पनवेल, पुढे लोकल. मी बरोबर येते. आत्याच्या मुलींनाही रक्ततपासणी आणि कोलोनोस्कोपीचं सांगायला हवं. ते फोन मी करते, तू ब्लॉकचं बघ.