शिकारबंदी केली की हरणं वाढतात का?

(इयत्ता आठवी ते दहावी – परिसंस्था, अन्नसाखळी आणि वन्यजीव संरक्षण या घटकांसाठी पूरक पाठ)



'हरणांची संख्या कमी झाली तर काय कराल?' हा प्रश्न वर्गात विचारला की उत्तर ठरलेलं असतं. 'शिकारीवर बंदी घालायची, सर!' उत्तर चूक नाही, पण ते अर्धंच आहे. शेतकऱ्याच्या घरातलं एखादं मूल उठून 'मग आमच्या हरभऱ्यात शिरतात त्यांचं काय?' असं विचारतं, तेव्हा हे अर्धेपण उघडं पडतं. मग आपण 'निसर्गाचा समतोल' असं काहीतरी बोलून पुढच्या मुद्द्यावर जातो.

आजच्या पाठात दोन खऱ्या गोष्टी बघू. एक अमेरिकेतली, एक आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली. दोन्हीकडे शिकारीवर बंदी आली. एकीकडे हरणं इतकी वाढली की जंगलच खाऊन बसली. दुसरीकडे बंदी असूनही हरणं संपत चालली होती. असं का झालं, हाच आपला पाठ.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ

आपण बोलताना चितळ, सांबर आणि काळवीट या सगळ्यांना हरीणच म्हणतो. पण चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा यांच्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगं कायमची असतात, ती गळत नाहीत. ही दोन वेगळी कुळं आहेत. खालच्या दोन्ही गोष्टी पहिल्या कुळातल्या, म्हणजे शिंगं गळणाऱ्या हरणांच्या आहेत.

गोष्ट पहिली : कैबाबचं पठार

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड दरी आहे. तिच्या उत्तरेला कैबाबचं पठार आहे. तिथं म्यूल डिअर जातीची हरणं राहतात. खेचरासारखे मोठे कान, म्हणून हे नाव.

१९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा भाग राखीव घोषित केला. हरणांची शिकार बंद झाली. त्या वेळी तिथं साधारण ४ हजार हरणं असावीत असा अंदाज होता. पण नियम तिथंच थांबला नाही. हरणं वाढावीत म्हणून सरकारने पगारी शिकारी नेमले आणि हरणं खाणारे प्राणी मारायला लावले. पुढच्या वर्षांत शेकडो प्यूमा आणि हजारो कोयोटी मारले गेले. लांडगे तर तिथून संपलेच.

म्हणजे माणसाची बंदूक गेली आणि जंगली शिकारीही गेले. शिवाय त्याच सुमारास पठारावर चरणाऱ्या मेंढ्यांची संख्या खूप कमी झाली होती, त्यामुळे हरणांना चारा भरपूर होता. हरणं वाढत गेली. १९२० नंतर जंगलात फिरणाऱ्यांना दिसू लागलं की हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंतच्या फांद्या साफ झाल्या आहेत आणि कोवळी रोपं उरतच नाहीत. १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत हजारो हरणं उपासमारीने मेली.

यावर काय काय उपाय झाले, तेही मुलांना जरूर सांगा. १९२४ च्या डिसेंबरमध्ये माणसांची रांग करून, गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत, हरणं हाकत दरीपलीकडे न्यायचा प्रयत्न झाला. बर्फाचं वादळ आलं, हरणं हाकणाऱ्यांच्या मधूनच मागे पळाली, आणि एकही हरीण पलीकडे गेलं नाही. मग केंद्र सरकारने काही हरणं मारायची परवानगी दिली, तर अ‍ॅरिझोना राज्याने आपल्या शिकार कायद्याखाली शिकाऱ्यांनाच अटक केली! प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२८ साली निकाल लागला : जमीन केंद्र सरकारची आहे, ती वाचवण्यासाठी केंद्राला हरणं मारता येतील, राज्याचा कायदा आडवा येणार नाही. शिकारबंदीचा नियम आणि जंगल वाचवण्याची गरज एकमेकांसमोर कशी उभी राहते, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण.

इथं एक सावधगिरी

कैबाबचा आलेख अनेक वर्षं जीवशास्त्राच्या पुस्तकांत छापला गेला. ४ हजारांवरून सरळ चढत १ लाखावर जाणारी आणि मग कोसळणारी रेघ. १९४० च्या दशकात आल्डो लिओपोल्ड या प्रसिद्ध वन्यजीव अभ्यासकाने ही गोष्ट सर्वदूर नेली. गंमत म्हणजे तरुणपणी लिओपोल्ड स्वतःही लांडगे मारण्याच्या बाजूचे होते. पुढे त्यांचं मत बदललं.

पण त्या काळी कुणी हरणं मोजलीच नव्हती. जे होते ते अंदाज. कुणी ३० हजार म्हणालं, कुणी ५० हजार, कुणी १ लाख. आलेखात सगळ्यात मोठा आकडा घेतला गेला. १९७० साली ग्रॅम कॉली या शास्त्रज्ञाने यावर बोट ठेवलं. वाढ शिकारी प्राणी गेल्यामुळे झाली, की मेंढ्या कमी झाल्यामुळे, हे या माहितीवरून सांगता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. त्यानंतर काही पुस्तकांनी ही गोष्टच काढून टाकली.

मग खरं काय? याचं उत्तर शोधायला काही संशोधकांनी झाडांकडे बघितलं. अ‍ॅस्पेनच्या खोडातली वर्तुळं मोजून कोणतं झाड कधी रुजलं ते त्यांनी काढलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की हरणं खूप होती त्या काळात रुजून जगलेली झाडं फार थोडी आहेत. म्हणजे आकडा १ लाख नसेलही, पण हरणांनी जंगलाची एक अख्खी पिढी खाल्ली ही गोष्ट खरी. पुस्तकातला आलेख आणि त्यामागचा पुरावा यांत फरक असू शकतो, हे मुलांना शिकवायची इतकी चांगली संधी दुसरी नाही.

गोष्ट दुसरी : कान्हाचा बारशिंगा

आता आपल्या देशात येऊ. कान्हा विदर्भापासून फार लांब नाही. तिथल्या कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा जगात फक्त मध्य भारतातच उरला होता. १९३८ च्या सुमारास कान्हा परिसरात अंदाजे ३ हजार बारशिंगे होते असं मानतात. पुढे शिकार झाली, संख्या घटली. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं. कायद्याने संरक्षण मिळालं. तरी १९७० च्या मोजणीत किती निघाले? फक्त ६६!

असं का व्हावं? बारशिंगा जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगतो. पिल्लं लपवायलाही त्याला उंच गवतच लागतं. आणि कान्हाच्या मैदानांत गावांची गुरं चरत होती, दरवर्षी गवत जाळलं जात होतं. गवत आखूड झालं की पोट भरत नाही आणि पिल्लू उघड्यावर पडतं.

मग काय केलं? उद्यानाच्या आतली काही गावं बाहेर वसवली. सोंफ गाव १९६९ मध्ये हललं आणि त्याच्या शेतांच्या जागी कुरण उभं राहिलं. गवत जाळण्यावर आणि चराईवर नियंत्रण आलं. काही बारशिंगे वाघ-बिबट्यांपासून वाचतील अशा मोठ्या कुंपणात ठेवून वाढवले. आज कान्हात सुमारे १ हजार बारशिंगे आहेत. मात्र हे सांगताना दुसरी बाजू लपवू नये. गावं हलली म्हणजे माणसांची घरं हलली. बारशिंगा वाचला त्याची किंमत कुणीतरी मोजली आहे.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा

फळ्यावर तीन शब्द लिहा : बंदूक, दात, गवत. बंदूक म्हणजे माणसाची शिकार, दात म्हणजे वाघ, लांडगे, रानकुत्रे, आणि गवत म्हणजे चारा आणि आसरा. हरणांची संख्या या तिघांवर ठरते.

कैबाबमध्ये बंदूक थांबवली, दात उपटले आणि गवताचा हिशोब कुणी ठेवला नाही. कान्हात बंदूक थांबवली, दात होतेच, पण गवत नव्हतं. शिकारीचा कायदा फक्त बंदुकीबद्दल बोलतो. बाकीच्या दोन गोष्टी कुणीतरी वेगळ्या बघाव्या लागतात.

म्हणून कायदा निरुपयोगी असं मात्र मुळीच नाही. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. तो नसता तर गवत वाढवून खायला हरणंच उरली नसती. कायदा हा पाया आहे, त्यावर घर मात्र बांधावं लागतं.

आणि हरभऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला काय सांगायचं? त्याचा प्रश्न खरा आहे हे आधी मान्य करा. माळरान नांगरलं गेलं, लांडगे कमी झाले, कळप शेतात आला. इथंही तेच तीन शब्द लागू पडतात. पीक खाल्लं तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, ही माहितीही त्याच तासाला द्या. घरी जाऊन ते वडिलांना सांगेल.

वर्गात खेळायचा खेळ

मैदानावर समोरासमोर दोन रेघा आखा. एका रेघेवर चौथा हिस्सा मुलं 'हरणं', दुसऱ्या रेघेवर बाकीची 'जंगल'. दोघांनी पाठमोरं उभं राहायचं. प्रत्येकाने एक खूण निवडायची : पोटावर हात म्हणजे चारा, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे आसरा. शिट्टी वाजली की वळायचं. हरणाने आपल्यासारखीच खूण केलेल्या जंगलाकडे पळायचं. मिळालं तर त्याला आपल्या रेघेवर आणायचं, ते आता हरीण. नाही मिळालं तर हरीण मेलं, ते जंगलात उभं राहील.

अशा दहा फेऱ्या घ्या. प्रत्येक फेरीला हरणं किती ते वहीत लिहा. मग एक-दोन मुलांना 'लांडगा' करा, तो पळत्या हरणाला शिवला की हरीण बाद. शेवटी जंगलातल्या कुणीही चाऱ्याची खूण करायची नाही असा नियम लावून बघा. वर्गात येऊन आलेख काढायला सांगा. त्यातले चढउतार का आले, ते मुलं स्वतःच सांगतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. कैबाबमध्ये १९०६ साली तुम्ही अधिकारी असता तर कोणता एक नियम बदलला असता?
२. प्राणी न मोजता नुसत्या अंदाजावर नियम केला तर काय होतं?
३. आपल्या गावच्या शिवारात पूर्वी कोणते वन्यप्राणी दिसत आणि आता कोणते दिसतात? आजी-आजोबांना विचारून लिहा. प्रत्येकापुढे बंदूक, दात, गवत यांपैकी काय बदललं तेही लिहा.

तिसरा प्रश्न पालकांनी घरी मुलांबरोबर बसून करावा ही विनंती. तुमच्या भागातली उत्तरं नक्की कळवा.