‘काम काय करतोस?’

बालरोगतज्ज्ञाला रुग्णाचा व्यवसाय विचारण्याचे कारण सहसा पडत नाही. त्या रकान्यात ‘विद्यार्थी’ लिहून आपण मोकळे होतो. या सवयीने मला एकदा चांगलाच धडा दिला. तो सहकारी मित्रांपुढे ठेवतो.

जोड्यांसाठी प्रसिद्ध असलेले आग्रा आमच्या ग्वाल्हेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. त्या बाजूचा एक सोळा वर्षांचा मुलगा पायांतील अशक्तपणासाठी दाखल झाला. चालताना पावले लोंबत होती. प्रथम गिलाँ-बारे संलक्षणाचा विचार मनात आला. परंतु दुखणे दोन महिन्यांपासून सावकाश वाढत होते, हातापायांच्या बोटांना बधिरता होती आणि मेरुद्रवातील प्रथिने प्राकृत होती. चित्र जुळेना. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने सहज विचारले तेव्हा उत्तर आले, ‘‘मशीन चलाता हूँ.’’

यंत्र होते सोल दाबण्याचे. फर्म्यावर ताणलेल्या अपरला आणि सोलला ब्रशने सोल्यूशन लावायचे, उष्णतेने सुकवायचे आणि दोन्ही यंत्रात दाबायचे. लहान कारखान्यात ही सारी कामे एकच जण करतो. खिडकी नसलेल्या खोलीत हा मुलगा दहा-दहा तास ती वाफ श्वासाबरोबर घेत होता.

अशा सोल्यूशनमध्ये पुष्कळदा एन-हेक्झेन असते. यकृतात त्यापासून २,५-हेक्झेनडायोन तयार होते. ते चेतातंतूंतील प्रथिनांना जखडते. तंतू जागोजागी फुगतात व त्यांतील वहन खुंटते. सर्वांत लांब तंतू प्रथम बळी पडतात, म्हणून आरंभ पायांपासून होतो. सोबत मिथिल इथिल कीटोन असल्यास विषारीपणा वाढतो. जपानमध्ये घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांत हा विकार १९६० च्या दशकातच आढळला होता. बेंझीनचा धोका निराळा: इस्तंबूलच्या जोडे-कामगारांतील रक्तकर्करोगाचा त्याच्याशी असलेला संबंध डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये मांडला. म्हणून रक्तपेशींची गणनाही आवश्यक ठरते.

यावर विशिष्ट उतारा नाही. संपर्क तोडणे हाच मुख्य उपचार. मात्र काम सुटल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, अशक्तपणा वाढत राहू शकतो. हे पालकांना आधीच सांगावे; अन्यथा त्यांचा आपल्यावरील विश्वास उडतो. सुधारणा महिनोन्‌महिने चालते आणि तीव्र विकारात ती अपुरी राहू शकते.

पौगंडावस्थेतील प्रत्येक रुग्णाला आता मी चार प्रश्न विचारतो:

१. शाळेशिवाय दिवसभर काय करतोस?
२. कामाच्या जागी कसला वास येतो? खिडकी आहे का?
३. सुटीच्या दिवशी बरे वाटते का?
४. बरोबरीच्या कोणाला असाच त्रास आहे का?

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ ते १८ वर्षांच्या मुलांनाही धोकादायक कामांस मनाई केली आहे. तरी घरची ओढगस्त त्यांना तेथे नेते. म्हणून पालकांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांच्याशी बोलणे अधिक उपयोगी पडते.

तो मुलगा वर्षभराने आधाराविना चालू लागला. डावे पाऊल अजून पुरते उचलत नव्हते. जाताना मी वडिलांना पाचवा प्रश्न विचारला, ‘‘त्याच्या जागी आता कोण?’’ धाकट्याला पाठवण्याचे ठरले होते. तो चौदा वर्षांचा होता. त्या दिवशी औषधपत्र बाजूला ठेवून आम्ही तासभर बोललो. धाकटा शाळेतच राहिला.