वाटा लहान, पण नेमका

प्रश्न : मी औंढा तालुक्यात अंगणवाडी मदतनीस आहे. मुलांना घरून आणायचं, झाडलोट करायची, खिचडी वाढायची. माझ्या एवढ्याशा कामाला किंमत आहे का? रोज उमेद कुठून आणू?

उत्तर : ताई, किंमत नक्कीच आहे. मूल अंगणवाडीत आलंच नाही तर त्याचं वजन होत नाही. वजन झालं नाही तर कुपोषण वेळेत कळत नाही. ही साखळी तुम्ही दारात मारलेल्या हाकेपासून सुरू होते. १९७५ पासून अंगणवाडीची योजना अशा हातांवरच उभी आहे.

छोट्या वाट्याचं मोल विज्ञानातही दिसतं. तुमच्याच तालुक्यात दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आकार घेणार आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोने या लहरी प्रथम टिपल्या. तो शोध जाहीर करणाऱ्या निबंधावर सुमारे हजार जणांची नावं होती! मोठं काम असंच अनेकांच्या वाट्यातून होतं.

उमेदीसाठी एक करा. रोज संध्याकाळी वहीत एका मुलाचं नाव आणि त्याच्यात दिसलेला बदल लिहा. सेविकाताईंसोबत वजनाच्या नोंदी पाहा. ज्याचं वजन वाढत नाही, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी आधी जा. कामाचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांना दिसू लागला की उमेद टिकते.