एकांत आणि सहवास

शास्त्रभाग : मार्क १:३५-३९, स्तोत्र १३९:२३, २४



प्रभू येशू पहाटे उठून अरण्यात प्रार्थनेस गेला. शिष्य शोधत आले तेव्हा तो तेथेच बसून राहिला नाही; गावोगाव उपदेश करावयास निघाला. या क्रमाचा आज आपण विचार करू.

ज्यांची भजने आपण उपासनेत गातो त्या कवी नारायण वामन टिळकांचेच (१८६१-१९१९) उदाहरण घ्या. १८९३ साली आपल्या बालाघाटपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावास जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो एकट्याने वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकांतात मिळालेले मात्र त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही; भजनकीर्तनांतून ते लोकांना वाटले.

त्या निर्णयामुळे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला सुमारे पाच वर्षे पतिवियोग आला. त्यांची जुनी मतेही सहज गेली नाहीत. पण एके दिवशी स्वतःशीच विचार करता करता त्यांना उमगले की, जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला. मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. मनात पटले ते पंगतीत दिसले! पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपले दोषही मोकळेपणी सांगितले, आणि टिळकांनी सुमारे दहा अध्यायांवर सोडलेल्या ‘ख्रिस्तायना’त ६४ अध्यायांची भर घातली.

मीही पुष्कळदा प्रार्थनेवाचून व्यासपीठावर उभा राहिलो आहे. शब्द आले, पण ते माझ्याच कानांना पोकळ वाटले. याउलट, नुसता एकांत धरला तर मनुष्य स्वतःविषयी गोड समजूत करून घेतो. आपला राग, आपला गर्व मंडळीच्या सहवासातच उघडा पडतो. म्हणून देवासमोर मन तपासावे आणि भावाबहिणींसमोर ते पडताळावे. गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला व शिकवणाऱ्याला दुसरा मार्ग नाही.

रविवारच्या शाळेसाठी प्रश्न :
१. प्रभू एकांतातून कोठे गेला? का?
२. लक्ष्मीबाईंचे बदललेले मत कोणत्या कृतीत दिसले?
३. या आठवड्यात मी देवाजवळ एकटा केव्हा बसेन? तेथे मिळालेले कोणाला देईन?

प्रार्थना : हे प्रभू, आमचे अंतःकरण आम्हांस दाखव, आणि तू दिलेले वाटून देण्यास आमचे हात मोकळे कर. आमेन.