जुन्या नोंदी नव्या संगणकावर आणताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे जाम नदीच्या दोन तीरांवरील पांढुर्णा आणि सावरगाव ही नावे दूरवर परिचित आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि सौंसर तहसील त्यात समाविष्ट झाली. जिल्हा बदलला की दप्तरातील नोंदी नव्याने लावाव्या लागतात. त्याच सुमारास जुनी आज्ञावली टाकून नवी घेण्याचा प्रसंग आला, तर दोन्ही कामांतील चुका एकमेकींत मिसळतात. अशा चुकीची झळ अखेर शेतकऱ्याला लागते. खसऱ्यावरील नाव आणि आधारपत्रावरील नाव जुळले नाही, तर पीककर्ज किंवा अनुदान अडून राहते. म्हणून या चुका कोठे उद्भवतात व कशा शोधाव्यात, हे कर्मचाऱ्यांप्रमाणेच ग्रामस्थांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

आज्ञावली सुरूच होत नाही

ही चूक सर्वांत ठळक, म्हणूनच सर्वांत कमी धोक्याची होय. डॉसच्या काळातील १६ बिटी आज्ञावली आजच्या ६४ बिटी विंडोजवर चालत नाही. फॉक्सप्रोच्या पिढीतील शेवटच्या आवृत्त्यांनाही २०१५ नंतर उत्पादकाचा आधार उरलेला नाही. मात्र आज्ञावली बंद पडली म्हणजे माहिती नष्ट झाली, असे नव्हे. माहितीची धारिका स्वतंत्र असते व ती नव्या प्रणालीला वाचता येते. अशा वेळी घाईने काही पुसून टाकू नये. प्रथम मूळ धारिकेची प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी.

अक्षरे बदलतात

कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत संगणक देवनागरी अक्षर साठवीतच नसे. तो रोमन अक्षर साठवी आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. कृतिदेवमध्ये लिहिलेले ‘सावरगाव’ हे नाव टंक नसलेल्या संगणकावर एल, के, ओ, जे, एक्स, के, ओ अशा निरर्थक सात अक्षरांत दिसते. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या यूनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा क्रमांक आहे.

रूपांतराची अडचण अक्षरांच्या क्रमात आहे. ‘विठ्ठल’ लिहिताना जुन्या टंकात आधी ऱ्हस्व वेलांटी व मग ‘व’ येतो. यूनिकोडमध्ये आधी ‘व’ व मागाहून वेलांटी साठविली जाते. ‘पांढुर्णा’ या नावातील रफार जुन्या टंकात ‘णा’नंतर येतो, तर यूनिकोडमध्ये ‘र’ व हलन्त ‘ण’च्या आधी येतात. केवळ अक्षराला अक्षर बदलणारी रूपांतर आज्ञावली येथे हमखास चुकते.

सीमाभागातील मराठी नावांपुढे आणखी एक प्रश्न असतो. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या रूपांतरात ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द ‘शेतकर्यांची’ असा होऊ शकतो. तसेच मराठीतील ‘सावरगाव’ व हिंदीतील ‘सावरगांव’ ही माणसाला एकच वाटतात, पण एका अनुस्वारामुळे संगणक त्यांना दोन गावे मानतो. शिवाय सावरगाव नावाची गावे अनेक आहेत. यास्तव गावाची ओळख नावावर न ठेवता शासकीय ग्रामसंकेतांकावर ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

नाव तुटते, आकडा फिरतो

१९९१ च्या इस्की या भारतीय मानकात एका वर्णाला एक बाइट पुरे. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित रीतीत एका देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात. ‘सावरगाव’मध्ये काना धरून सात वर्ण आहेत. जुन्या पद्धतीत त्यांना सात बाइट लागत, आता एकवीस लागतात. समजा, रकाना वीस बाइटांचाच राहिला, तर ‘सावरगा’ इतकेच शिल्लक राहते व शेवटच्या ‘व’च्या जागी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटते. रकान्याची मर्यादा आधी वाढवावी आणि मगच माहिती भरावी.

याहून फसवी चूक आकड्यांची. खसरा क्रमांक १२/१ हा कोष्टक आज्ञावलीत टाकला की ती त्यास तारीख समजते. ०७ मधील आरंभीचे शून्य गळून पडते. ५/१०/२०२३ ही पाच ऑक्टोबर की दहा मे, हे संगणकाच्या मांडणीवर अवलंबून राहते. येथे चुकीची कोणतीही सूचना येत नाही. म्हणून असे रकाने ‘मजकूर’ या प्रकारात ठेवावेत आणि तारखांची पद्धत आधीच निश्चित करावी.

चूक शोधण्याचा क्रम

पडद्यावर शंभर चुका दिसल्या तरी आधी पहिली चूक पाहावी. पुष्कळदा बाकीच्या तिच्यातूनच उपजलेल्या असतात. एका वेळी एकच बदल करावा व त्याची वहीत नोंद ठेवावी. सर्व तहसील एकदम न घेता प्रथम एका गावाचे रूपांतर करावे. त्यानंतर जुन्या व नव्या धारिकेतील एकूण नोंदी आणि एकूण क्षेत्रफळ पडताळून पाहावे. बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नये. मात्र बेरीज जुळली तरी नावे बरोबर आहेत, असे सिद्ध होत नाही. नवी प्रणाली विश्वासास उतरेपर्यंत जुनीही चालू ठेवावी.

अखेरची कसोटी गावात

नावाची खरी परीक्षा नावाचा धनीच करू शकतो. महाराष्ट्रात संगणकीकृत सातबारा तपासण्यासाठी २०१७ साली चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. मध्य प्रदेशात खसरा व बी-१ यांचे ग्रामसभेत वाचन करण्याची रीत आहे. अशा वाचनास ग्रामस्थांनी जुनी ऋणपुस्तिका घेऊन उपस्थित राहावे. आपले नाव, वडिलांचे नाव, खसरा क्रमांक व क्षेत्र कान देऊन ऐकावे. वृद्धांना व निरक्षरांना शिक्षकांनी साहाय्य करावे. चूक आढळल्यास मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम ११५ अन्वये दुरुस्तीची तरतूद आहे.

नवे यंत्र जुन्या नोंदी क्षणार्धात वाहून आणते. त्या ज्याच्या त्याच्या नावे सुखरूप पोहोचल्या की नाही, हे पाहण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.